हृदयाची झडप आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी, प्राध्यापक आणि काही तरुण डॉक्टर यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव संयोजकांनी जरा भारदस्त ठेवले आहे, ‘जैवसामग्री आणि वैद्यकीय अभियांत्रिकी : संधी आणि आव्हाने’. अशा शीर्षकाखाली काहीही बोलता येते, आणि बहुधा तसेच होते. संधींची एक यादी, आव्हानांची दुसरी, आणि शेवटी तरुणांना आवाहन. मला तसे करायचे नाही. मी आपल्यापुढे एकाच वस्तूची कथा ठेवणार आहे. ती तळहातावर सहज मावते. मनुष्याच्या हृदयात बसविण्याची ही कृत्रिम झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडली. तिच्या घडणीत जे घडले आणि जे बिघडले, ते समजून घेतले म्हणजे आपल्या विद्यापीठांतील या क्षेत्रातल्या संशोधनाचे नेमके कुठे अडते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रथम थोडे गणित करू, कारण समोर अभियंते बसले आहेत. हृदय मिनिटाला सत्तर वेळा धडधडते असे धरा. दिवसाला एक लाख ठोके झाले. वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख. प्रत्येक ठोक्याला झडप एकदा उघडते आणि एकदा मिटते. आपण ज्या यंत्रांचे आरेखन शिकतो, त्यांपैकी किती यंत्रे वर्षाला पावणेचार कोटी वेळा, विनाविश्रांती, विनावंगण, विनादुरुस्ती चालतात? आणि तीही खाऱ्या, कोमट, गंज चढविणाऱ्या द्रवात? हा द्रव म्हणजे रक्त, आणि रक्ताचा स्वभावच असा की परकी वस्तू दिसली की तिच्यावर गोठायचे. गाडीचे इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते. येथे कडेला घेण्याची सोय नाही.

जैवसामग्री या शब्दाचा अर्थ या कसोटीतून कळतो. शरीरात ठेवण्याजोगा पदार्थ म्हणजे नुसता मजबूत पदार्थ नव्हे. तो झिजू नये, झिजलाच तर त्याचे कण विषारी नसावेत, रक्तपेशी त्याच्यावर आपटून फुटू नयेत, रक्त त्याच्यावर साकळू नये, निर्जंतुक करताना त्याचा आकार बिघडू नये, आणि हे सारे पाळून तो यंत्रावर कापता-घासता यावा. यांतील चार गोष्टी साधल्या आणि पाचवी हुकली, तर तो पदार्थ उत्तम असूनही निरुपयोगी ठरतो.

आता ही झडप आपल्याला हवी तरी कशासाठी? श्रीमंत देशांत हृदयाच्या झडपा बिघडतात त्या बहुतांशी वार्धक्याने. आपल्याकडे वर्षानुवर्षे चित्र वेगळे राहिले आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला घसा दुखण्याचे निमित्त होते. तो संसर्ग स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा असेल आणि त्याच्याकडे दुर्लक्ष झाले, तर काही मुलांना पुढे सांध्यांचा ताप येतो. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे बरे होतात, ताप उतरतो, घरचे लोक विसरतात. परंतु जिवाणूंशी लढण्यासाठी उठलेली शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून हृदयाच्या झडपांवरच वार करून गेलेली असते. वीस-बाविसाव्या वर्षी ती मुलगी लग्न होऊन सासरी जाते, पहिल्या बाळंतपणात तिला धाप लागते, आणि तेव्हा कळते की डाव्या बाजूची झडप आकसून गेली आहे. दाटीच्या वस्तीतला, अपुऱ्या अन्नाचा, उशिरा मिळालेल्या औषधाचा हा आजार आहे.

येथे अभियंत्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. या आजारावरचा खरा उपाय आपल्या प्रयोगशाळेत नाही. तो वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनमध्ये आणि हवेशीर घरात आहे. ज्या मुलाला एकदा हा ताप येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देत राहिले, तर पुढची बरीचशी हानी टळते. झडप ही त्यानंतरची गोष्ट. पण ज्यांची हानी होऊन गेली आहे, त्यांना ‘तुमच्या लहानपणी पेनिसिलिन मिळायला हवे होते’ असे सांगून घरी पाठविता येत नाही.

डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यचिकित्सक १९७४ साली केरळात आले तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. इंग्लंड-अमेरिकेत त्यांचे शिक्षण झाले होते. अमेरिकेत ज्यांच्या हाताखाली त्यांनी काम केले, त्या डॉ. चार्ल्स हफनागेल यांनीच १९५२ साली माणसाच्या महाधमनीत पहिली कृत्रिम झडप बसविली होती. शस्त्रक्रिया करण्याचे कौशल्य वलियाथन यांच्याजवळ होते, रुग्णांची रांग होती. नव्हती ती झडप. ती परदेशातून येई, डॉलर मोजून येई, आणि ज्या घरातली ती रुग्ण असे, त्या घराला ती न परवडणारी असे. सर्जन हाताशी असूनही केवळ वस्तूची किंमत आड येऊन रुग्ण परत जातो, हे दृश्य वारंवार पाहणाऱ्या माणसाला दोन मार्ग असतात. एक, देणग्या गोळा करणे. दुसरा, ती वस्तू आपणच बनविणे. वलियाथन यांनी दुसरा धरला.

त्यांच्या हाती आलेली संस्थाही काहीशी निराळी होती. त्रावणकोरच्या राजघराण्याने १९७३ साली रुग्णालयासाठी इमारत लोकार्पण केली. १९७६ पासून तेथे रुग्णसेवा सुरू झाली. पाठोपाठ पूजप्पुरा येथील सॅटेलमंड पॅलेस या राजवाड्यात वैद्यकीय तंत्रज्ञान विभाग उभा राहिला. १९८० साली संसदेच्या कायद्याने या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून स्थान मिळाले आणि पदवी देण्याचा अधिकारही. डॉक्टर आणि अभियंते एका छताखाली नांदले असे या संस्थेविषयी सांगण्याची पद्धत आहे. शब्दशः ते खरे नाही. दोन विभागांमध्ये सुमारे अकरा किलोमीटरचे अंतर आहे. एक होती ती संस्था, एक होता तो संचालक, आणि म्हणून दोघांचा प्रश्न एक झाला. माझ्या मते छतापेक्षा हे अधिक महत्त्वाचे. आपल्याकडे कित्येक शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामध्ये फक्त एक रस्ता असतो, आणि तो रस्ता पन्नास वर्षांत कोणी ओलांडलेला नसतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस झडपेचे काम सुरू झाले. निवडलेला प्रकार तिरप्या तबकडीचा. एक धातूचे कडे, त्यात एक गोल तबकडी. रक्ताचा झोत आला की तबकडी तिरपी होऊन वाट देते, झोत उलटला की आडवी होऊन वाट रोखते. तबकडी निसटू नये म्हणून कड्याला आतून धातूचे आधारदांडे. बाहेरून कापडाचे वेष्टण, म्हणजे सर्जनला ते कडे हृदयाला शिवता येते. कागदावर हे आरेखन दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही काढील.

पहिल्या प्रतिकृतीत टायटॅनियमच्या कड्याला आधारदांडा वितळजोडाने जोडला होता आणि तबकडी प्लास्टिकची होती. चाचणीयंत्रावर तो जोड तुटला. दुसऱ्या खेपेला कडे आणि दांडे एकाच तुकड्यातून कोरून काढले, म्हणजे जोडच उरला नाही. आणि तबकडी केली ती कृत्रिम नीलमण्याची, अत्यंत कठीण, गुळगुळीत, रक्ताला मानवणारी. झाले असे की त्या कठीण नीलमण्याने टायटॅनियमलाच खाऊन टाकले. झीज प्रमाणाबाहेर गेली. म्हणून तिसऱ्या खेपेला टायटॅनियम काढून कोबाल्टचा टणक मिश्रधातू आणला. आता कडे झिजेना, पण नीलमण्याची तबकडीच तडकली. तडा जाणारा पदार्थ काही इशारा देऊन तडकत नाही. तो एका क्षणी अखंड असतो आणि दुसऱ्या क्षणी नसतो.

मित्रहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. तीन प्रतिकृती, प्रत्येकीमागे काही वर्षे, आणि हातात काही नाही. लेखापरीक्षक येऊन विचारू शकतो की इतक्या वर्षांत निष्पन्न काय झाले? संसदेत प्रश्न येऊ शकतो. वृत्तपत्रात ‘सरकारी पैशाचा अपव्यय’ असा मथळा येऊ शकतो. आणि खुद्द संस्थेतला एखादा डॉक्टर म्हणू शकतो, अहो, अमेरिकेहून आणा ना, कशाला हा खटाटोप? अशा वेळी प्रमुखाने अभियंत्यांच्या पाठीशी उभे राहायचे की त्यांना पुढे करून स्वतः बाजूला व्हायचे, यावर पुढचे सारे ठरते. वलियाथन उभे राहिले. जी. एस. भुवनेश्वर आणि त्यांचे सहकारी यांनी चौथी प्रतिकृती हाती घेतली.

चौथीत कडे कोबाल्टच्या त्याच मिश्रधातूचे, एकाच तुकड्यातून कोरलेले. तबकडी मात्र अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची. पॉलिएथिलिन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाजाराची पिशवी येते, आणि ते नातेही खरे आहे. पण रेणूंची साखळी पिशवीतल्यापेक्षा कितीतरी पट लांब झाली की तोच पदार्थ इतका चिवट होतो की कृत्रिम खुब्यात आणि गुडघ्यात जगभर तोच वापरतात. नीलमण्याच्या जागी प्लास्टिक! दिसायला ही पीछेहाट होती. पण या जोडीत दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला खात नव्हते, आणि प्लास्टिक तडकत नव्हते. शिवाय एक अनपेक्षित लाभ झाला. कठीण तबकडीच्या झडपा मिटताना टिकटिक आवाज करतात. रात्रीच्या शांततेत तो रुग्णाला ऐकू येतो आणि काहींना त्याने झोप लागत नाही. ही झडप अगदी हळुवार मिटते. पदार्थांच्या या तुलनेचे निष्कर्ष, झिजेच्या आकड्यांसह, या मंडळींनी १९९१ साली ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ज्याला कोणाला या क्षेत्रात काम करायचे असेल, त्याने तो निबंध काढून वाचावा.

चाचणीविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण आपल्या संशोधनाची खरी दरिद्रता येथे आहे. झडप किमान ४० कोटी वेळा उघडझाप करून दाखवावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणजे साधारण दहा-अकरा वर्षांचे आयुष्य. हृदयाच्या गतीने चाचणी घेतली तर अकरा वर्षे थांबावे लागेल. म्हणून यंत्र वेगाने चालवितात. सेकंदाला पंधरा उघडझापी धरल्या, तरी हिशोब करून पाहा, ते यंत्र सुमारे दहा महिने रात्रंदिवस चालले पाहिजे. एका नमुन्यावर निर्णय देता येत नाही, अनेक लागतात. आणि नवव्या महिन्यात एक दांडा तुटला तर पुन्हा श्रीगणेशा. या कामात बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचे साहाय्य झाले. विमानाच्या पंखाला येणारा धातूचा थकवा आणि झडपेच्या दांड्याला येणारा थकवा यांचे शास्त्र एकच आहे. विमाने पाहणाऱ्यांना हृदय पाहायला सांगणे, हे कोणाला तरी सुचावे लागते.

या खबरदारीचे मोल काय, हे जगाने त्याच काळात पाहिले. तिरप्या तबकडीची ब्योर्क-शायली नावाची अमेरिकेत बनणारी झडप त्या वेळी नावाजलेली होती. तिच्या एका सुधारित प्रकारात वितळजोडाने जोडलेला दांडा रुग्णाच्या हृदयातच तुटू लागला. शेकडो माणसे दगावली आणि १९८६ साली ती झडप बाजारातून मागे घ्यावी लागली. जो दोष तिरुवनंतपुरममध्ये यंत्रावर सापडला, त्याच जातीचा दोष तेथे माणसांत सापडला. म्हणून मी पहिल्या प्रतिकृतीला अपयश म्हणायला तयार नाही.

प्राण्यांवरील चाचण्या झाल्या, नीतिसमितीची संमती झाली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी चित्रा झडप प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसविली गेली. म्हणून लगेच ती विक्रीस काढली नाही. निरनिराळ्या केंद्रांतील तीनशेहून अधिक रुग्णांवर तिची पाहणी झाली. उत्पादनासाठी चेन्नईचा टीटीके उद्योगसमूह पुढे आला. होय, आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर बनविणारा तोच समूह. सुरुवातीला तोटा दिसत असताना हे काम अंगावर घेणाऱ्या उद्योजकाचे श्रेय संशोधकाइतकेच मानले पाहिजे. आपल्याकडे शास्त्रज्ञाचा सत्कार होतो, कारखानदाराचा होत नाही. आणि मग आपण विचारतो की प्रयोगशाळेतल्या वस्तू बाजारात का येत नाहीत. आजवर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा रुग्णांच्या हृदयांत बसविल्या गेल्या आहेत, आणि आयात झडपेच्या तुलनेत त्यांची किंमत बरीच कमी राहिली आहे.

याच संस्थेने रक्तपिशवीचे तंत्रज्ञानही दिले. एके काळी रक्तपेढीत काचेच्या बाटल्या असत. त्या फुटत, आणि त्यांतून रक्ताचे घटक वेगळे करणे अवघड जाई. येथील तंत्रावर तिरुवनंतपुरममध्येच उत्पादन सुरू झाले, पुढे जपानी कंपनी त्यात भागीदार झाली, आणि त्या पिशव्या देशोदेशी जाऊ लागल्या.

आता ‘स्वदेशी’ या शब्दाकडे वळतो. या सभागृहात तो शब्द प्रिय आहे, मलाही आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. चित्रा झडपेचा कोबाल्ट मिश्रधातू हा मूळ अमेरिकन आहे. म्हणून ती झडप परदेशी ठरते काय? माझ्या मते नाही. पदार्थ कुठून आला याहून तो का निवडला, दुसरा का टाकला, कोणत्या मर्यादेपर्यंत त्याच्यावर विसंबायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याची ती वस्तू. उलट, सुटे भाग आणून येथे जुळविले, वर तिरंगी वेष्टण घातले, आणि आतल्या एका मापाचेही कारण सांगता येत नाही, अशा वस्तूला स्वदेशी म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. दुसरे असे की, देशात बनली एवढ्यावरून कोणतीही वस्तू रुग्णाच्या शरीरात ठेवण्याला पात्र होत नाही. तिच्यावर आयात वस्तूपेक्षा सवलतीची कसोटी लावणे म्हणजे आपल्याच माणसाचा जीव स्वस्त मानणे होय. वलियाथन यांनी ती सवलत घेतली नाही, आणि म्हणून आज सर्जन ती झडप हातात घेतात.

त्यांच्याविषयी आणखी एक सांगतो. उत्तरायुष्यात त्यांनी चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांचा मूळ संस्कृतातून अभ्यास केला आणि २००३ ते २००९ या काळात तिघांवर तीन मोठे ग्रंथ लिहिले. आयुर्वेदातील संकल्पना आधुनिक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तपासाव्यात म्हणून देशातल्या शास्त्रज्ञांना एकत्र आणले. सुश्रुताचा वारसा सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सुश्रुताने शिष्याला रुग्णावर हात चालविण्याआधी भोपळ्यावर, पाण्याने भरलेल्या पखालीवर, मेलेल्या जनावराच्या शिरांवर सराव करायला लावला, हे मात्र फार थोडे सांगतात. चाचणीयंत्रावर झडप महिनोन्‌महिने चालविणे ही त्याच शिस्तीची पुढची पायरी आहे. १७ जुलै २०२४ रोजी डॉ. वलियाथन यांचे निधन झाले. तेव्हा आलेल्या लेखांत त्यांचे पद्मविभूषण आले, कुलगुरुपद आले. तीन मोडलेल्या प्रतिकृती फार थोड्यांनी मोजल्या.

मग आपल्या विद्यापीठांत हे का होत नाही? बुद्धीचा तुटवडा नाही. जैवसामग्रीवर दरसाल प्रबंध लिहिले जातात. हायड्रॉक्सिअपॅटाइटचे लेपन, काइटोसानचे जाळे, नॅनोकणांचे मिश्रण. विषय नवे, आलेख सुबक. पण प्रबंध तीन-चार वर्षांत संपवायचा असतो आणि झडपेला बारा लागतात. नोकरीतील बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते, आणि ‘दांडा तुटला’ या निष्कर्षावर निबंध छापून येणे कठीण. मग विद्यार्थी शहाणपणाने काय करतो? जेथे काही तुटणार नाही, एवढाच प्रयोग करतो. पेशी काचपात्रात चोवीस तास जिवंत राहिल्या, की ‘हा पदार्थ अस्थिरोपणासाठी उपयुक्त ठरू शकतो’ हे शेवटचे वाक्य लिहून मोकळा होतो. ते वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचले आहे की आता ते आले की मी पान उलटतो.

चिकाटी धरणाऱ्यालाही मार्ग सोपा नाही. आयआयटीतील प्राध्यापक सुजॉय गुहा यांनी पुरुषांसाठी इंजेक्शनने देण्याच्या एका बहुवारिक गर्भनिरोधकावरील आपले पहिले काम १९७९ साली प्रसिद्ध केले. ३०३ पुरुषांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, आणि ते उत्तम आहेत. मध्ये ४४ वर्षे गेली. एवढ्या काळात विद्यार्थी म्हणून या कामात आलेला माणूस निवृत्त होतो. सावधगिरी हवीच, ती मी आत्ताच सांगितली. परंतु सावधगिरीमुळे लागणारा वेळ निराळा आणि फाईल टेबलावर पडून राहिल्यामुळे लागणारा वेळ निराळा. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र नियम झाले ते २०१७ साली, अमलात आले १ जानेवारी २०१८ पासून. तोपर्यंत मोजक्याच उपकरणांचा विचार औषधांच्या कायद्याच्या कोपऱ्यात बसून होत असे.

किमतीचेही असेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६० रुपये. लाखाच्या घरातली वस्तू एका आदेशाने तीस हजारांच्या आत आली. हे योग्यच झाले. पण आदेशाने किंमत उतरते, कौशल्य उगवत नाही. ते सूरतमध्ये उगवले, आणि कसे, तर हिरे कापण्यासाठी लेसर यंत्रे बनविणाऱ्या उद्योगातून! हिऱ्यावर सूक्ष्म काप घेणारा लेसर धातूच्या नळीवर जाळी कोरू शकतो, हे तेथल्या एका कारखानदाराने ओळखले आणि भारतीय स्टेंट उभा राहिला. विद्यापीठाने हे ओळखले असते तर मला अधिक आनंद झाला असता.

महाराष्ट्रात काहीच नाही असे मात्र म्हणू नये. पवईच्या आयआयटीत २०१४ साली राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झाले. नागपूरचे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यात जोडले गेले. त्यांची पद्धत मला आवडली. विद्यार्थ्याला आधी रुग्णालयात पाठवायचे, डॉक्टरची अडचण त्याच्याच तोंडून ऐकायची, आणि मग आरेखनाला हात घालायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. व्ही. प्रेमनाथ यांचे उदाहरणही सांगण्याजोगे आहे. चित्रा झडपेतले तेच पॉलिएथिलिन कृत्रिम खुब्यात झिजत असे. अमेरिकेतील एमआयटी आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांच्या ज्या गटाने किरणोत्साराने त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंफून ही झीज कमालीची घटविली, त्यात प्रेमनाथ होते. ते परतले, आणि पुण्यात नवउद्योजकांना प्रयोगशाळा व मार्गदर्शन देणारे केंद्र त्यांनी उभे केले.

आता या महाविद्यालयाकडे येतो. आपल्याजवळ कोट्यवधींचे अनुदान नाही, प्राणिगृह नाही. पण दोन किलोमीटरवर जिल्हा रुग्णालय आहे, आणि तेथे अस्थिरोगाच्या शस्त्रक्रिया रोज होतात. काही पट्ट्या, खिळे, सांधे पुढे मोडतात, सैल होतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून काढले जातात. ते मोडलेले तुकडे कुठे जातात? बहुधा कचऱ्यात. अभियंत्याच्या दृष्टीने तो कचरा म्हणजे ग्रंथालय आहे. कुठे तडा सुरू झाला, धातूचा थकवा की गंज, स्क्रू चुकीच्या जागी होता की रुग्ण लवकर चालू लागला, हे तुटलेल्या पृष्ठावर लिहिलेले असते आणि ते वाचायला एक साधे सूक्ष्मदर्शक पुरे.

नोंद न ठेवण्याची किंमत आपण मोजलेली आहे. डेप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा दोषामुळे २०१० साली जगभरातून मागे घेण्यात आला. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात तो हजारो रुग्णांना बसविलेला होता, आणि पुढे चौकशी समितीने शोध घेतला तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. कंपनी परदेशी, नाव मोठे, आणि तरीही हे झाले. २०१५ पासून उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्याला तांत्रिक आधार देणाऱ्या संस्थांत पुन्हा श्री चित्राच आहे. पण त्या कार्यक्रमाकडे माहिती जायची ती जिल्ह्याजिल्ह्यातून.

तेव्हा माझी सूचना छोटी आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी आणि धातुशास्त्राचे एक प्राध्यापक यांनी दर शनिवारी त्या रुग्णालयात जावे. काढलेला प्रत्येक तुकडा, रुग्णाचे नाव न घेता पण वय, वजन आणि किती महिने शरीरात होता एवढ्या नोंदीसह, निर्जंतुक करून आणावा. रुग्णालयाच्या नीतिसमितीची लेखी परवानगी आधी घ्यावी, ती घेतल्याशिवाय एकही तुकडा उचलू नये. वर्षभरात शंभर तुकडे जमतील. त्यांची छायाचित्रे आणि तपासणीचे निष्कर्ष शल्यविशारदांपुढे ठेवा. मी येण्यापूर्वी प्राचार्यांशी बोललो आहे, आणि रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाचे प्रमुख या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले आहेत. चहाच्या वेळी त्यांना गाठा.